कुलूपकारांचा सहकारी कारखाना

कुलूप ही अशी वस्तु आहे कीं, ती विकत घेणारास तिच्या पोटांत काय आहे हें कधींच दिसत नाहीं. कापडाचा पोत हातांत घेऊन पाहतां येतो, धान्य तळहातावर पसरून पारखतां येतें, मडकें वाजवून घेतां येतें. कुलपाला मात्र वरून लोखंडाचें किंवा पितळेचें कवच आणि एक भोंक, एवढेंच रूप. किल्ली फिरली, कडी बसली, कीं गिऱ्हाईक समाधानानें घरीं जातें. आंत तीन तरफा आहेत कीं एकच आहे, कमान चांगल्या पोलादाची आहे कीं पत्र्याची पट्टी वांकवून घातली आहे, आणि मुख्य म्हणजे आपल्या किल्लीसारख्या दुसऱ्या किती किल्ल्या त्याच बाजारांत विकल्या गेल्या आहेत, हें त्याला कळतें तें बहुधा चोरी झाल्यावर. म्हणून कारागिराच्या सचोटीला या धंद्यांत जितकें मोल आहे तितकें फार थोड्या धंद्यांत असेल. असें असूनही, ज्या गांवांनीं जगाला कुलपें पुरविलीं त्या गांवांतील कारागिरांना सचोटीनें काम करणें परवडेल अशी मजुरी क्वचितच मिळाली. या दोन गोष्टींचा मेळ घालण्याचा एक प्रयत्न इंग्लंडांतील कांहीं कुलूपकारांनीं एकोणिसाव्या शतकांत केला. त्या प्रयत्नाची हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

इंग्लंडच्या मध्यभागीं, बर्मिंगहॅम शहराच्या वायव्येस जो मुलूख पसरला आहे त्याला तिकडील लोक ‘काळा मुलूख’ म्हणतात. दगडी कोळसा आणि लोखंड हीं दोन्ही तेथें एकाच जमिनीच्या पोटांत सांपडलीं आणि पाहतां पाहतां शेतकऱ्यांचीं खेडीं लोहारांचीं गांवें झालीं. प्रत्येक गांवानें जणूं आपापला धंदा वांटून घेतला होता. कोठें खिळे, कोठें सांखळ्या, वॉल्सॉल येथें घोड्यांचें सामान, आणि वुल्वरहॅम्प्टन व विलेनहॉल येथें कुलपें.

विलेनहॉल हें वुल्वरहॅम्प्टनच्या पूर्वेस तीनएक मैलांवरील लहानसें गांव. त्या काळीं तेथें मोठे कारखाने नव्हते. घराच्या मागल्या अंगणांत एक खोपटें, त्यांत लहानशी भट्टी व भाता, खिडकीखालीं लांकडी बांक, बांकावर शेगडा आणि पांचसहा कानशी, एवढ्या सामानावर माणूस ‘मालक’ होई. भांडवल थोडें लागे ही मोठी सोय होती आणि तीच मोठी आपत्तीही ठरली. कारण जो धंदा कोणालाही मांडतां येतो त्यांत स्पर्धेला अंत नसतो. शेजारच्या अंगणांतला माणूस डझनामागें एक पेनी कमी घेतो म्हणून यानेंही कमी घ्यावयाचें. आणि तेवढी पेनी भरून काढण्यासाठीं एक तर रात्रीं उशीरपर्यंत कानस चालवावयाची, नाहींतर कुलपाच्या आंतून कांहींतरी काढून टाकावयाचें.

ही कानस चालविणें म्हणजे काय असे, याची साक्ष त्या माणसांच्या शरीरांनींच दिली आहे. लहानपणापासून शेगड्यावर वांकून एकाच बाजूनें जोर लावल्यामुळें पाठ कलत जाई, खांदा वर येई आणि पुढें कुबड निघे. आसपासच्या लोकांनीं विलेनहॉलला ‘हम्पशायर’, म्हणजे कुबड्यांचा परगणा, असें नांवच देऊन टाकलें होतें. तेथील दारूच्या गुत्त्यांतून बांकांच्या मागील भिंतींना कुबड टेकावयास खळगे ठेवलेले असत, असेंही सांगतात. दुसरी एक गोष्ट त्या मुलुखांत हंसत हंसत सांगितली जाई. विलेनहॉलच्या कारागिराच्या हातून काम करतांना कुलूप खालीं पडलें तर तो तें उचलावयास वांकत नाहीं. कारण तेवढ्या वेळांत त्याचें दुसरें तयार होतें! विनोद म्हणून तो चांगला आहे. पण इतक्या घाईनें तयार होणारें कुलूप कोणाच्या तरी दाराला लागत होतें, आणि इतक्या घाईनें तें तयार करावें लागत होतें, या दोन गोष्टी मनांत आल्या म्हणजे हंसूं ओठांवरच राहतें.

तयार माल घेणारा माणूस म्हणजे अडत्या. आठवड्याच्या अखेरीस कारागिरानें कुलपें घेऊन त्याच्या वखारीवर जावें आणि तो देईल तो भाव घ्यावा, अशी रीत पडली होती. कारागिराजवळ पुढच्या आठवड्याच्या लोखंडापुरताही पैसा नसे, त्यामुळें ‘आज देत नाहीं, भाव चढल्यावर देईन’ असें म्हणण्याची त्याला सोयच नव्हती. सोमवार बहुधा सुस्तींत जाई; त्या वाराला तिकडे थट्टेनें ‘संत सोमवार’ म्हणत; आणि मग गुरुवार, शुक्रवार, शनिवार या दिवसांत रात्रीचा दिवस करून माल पुरा करावा लागे. हें त्या लोकांच्या आळसाचें लक्षण असें तत्कालीन सभ्य गृहस्थांनीं पुष्कळदां लिहून ठेवलें आहे. सहा दिवसांचें काम चार दिवसांत उरकणाऱ्याला आळशी म्हणणें हें मला तरी समजत नाहीं.

या सर्व व्यवस्थेच्या तळाशीं होतीं तीं उमेदवार म्हणून घेतलेलीं मुलें. मुलांच्या मजुरीची चौकशी करण्यासाठीं ब्रिटिश सरकारनें जें मंडळ नेमलें होतें त्याच्या वतीनें रिचर्ड हेन्री हॉर्न नांवाचा कवि १८४१ सालीं विलेनहॉलला गेला. त्याचा वृत्तांत १८४३ सालीं प्रसिद्ध झाला. अनाथालयांतून आणलेलीं पोरकीं मुलें, त्यांचे चौदा चौदा तासांचे दिवस, अपुरें अन्न, आणि हाताला येईल त्या हत्यारानें होणारी मारहाण, यांचीं वर्णनें त्यांत आहेत. डिझरायली यानें १८४५ सालीं लिहिलेल्या ‘सिबिल’ या कादंबरींत वॉडगेट म्हणून जें भयंकर गांव रंगविलें आहे तें याच वृत्तांतावरून, असें अभ्यासक मानतात. कादंबरीकारानें तेथल्या मालकाला राक्षस केलें आहे. परंतु हॉर्नचा मजकूर शांतपणें वाचणाऱ्याला दिसतें तें अधिक दुःखदायक आहे. मुलाला मारणारा तो मालक स्वतः उमेदवारींत मार खाऊनच वाढलेला असे, आणि शनिवारीं अडत्यापुढें उभा राहतांना त्याचाही जीव मुठींत असे.

आतां याच काळीं कुलपाच्या विद्येची दुसरी एक बाजू लंडनमध्यें झळकत होती. जोसेफ ब्रामा यानें १७८४ सालीं आपल्या नव्या कुलपाचा हक्क नोंदविला आणि पुढें पिकॅडिलीवरील दुकानाच्या खिडकींत एक कुलूप टांगून, जो कोणी किल्लीवांचून हें उघडील त्याला दोनशें गिनी देऊं, असा फलक लावला. साठ वर्षें तें बक्षीस कोणाला घेतां आलें नाहीं. १८१८ सालीं जेरेमाया चब यानें असें कुलूप काढलें कीं, कोणी खोटी किल्ली चालविली तर आंतील तरफ अडकून राही आणि खऱ्या किल्लीच्या मालकाला कोणीतरी हात लावल्याची वर्दी मिळे. चबचा कारखाना पुढें वुल्वरहॅम्प्टनलाच गेला, म्हणजे उत्तम कुलपें आणि हलकीं कुलपें हीं एकाच मुलुखांत, एकाच जातीच्या हातांनीं घडूं लागलीं. मग १८५१ चें प्रसिद्ध प्रदर्शन आलें. त्या निमित्तानें लंडनला आलेल्या आल्फ्रेड चार्ल्स हॉब्ज नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें चबचें कुलूप पंचवीस मिनिटांत उघडलें, आणि ब्रामाच्या कुलपाशीं सोळा दिवसांत मिळून एकावन्न तास झटून तेंही उघडलें. दोनशें गिनी त्याला द्यावे लागले. इंग्लंडांत हलकल्लोळ उडाला. अशा युक्त्या उघड करणें म्हणजे चोरांना शिकविणें नव्हे काय, असा आक्षेप निघाला. त्यावर हॉब्जच्या बाजूनें उत्तर आलें तें असें कीं, चोरांना या गोष्टी आधींच ठाऊक असतात. अंधारांत असतो तो बिचारा कुलूप विकत घेणारा. कुलपाच्या धंद्याच्या नीतीविषयीं याहून शहाणपणाचें बोलणें माझ्या वाचनांत नाहीं.

परंतु या वादाचा फायदा कोणाला झाला? पेढीवाल्याला, जवाहिऱ्याला, सरकारी खजिन्याला. त्यांचीं कुलपें सुधारलीं. गिरणींतल्या मजुराच्या खोलीला जें कुलूप लागे त्यांत तरफा नव्हत्याच. भोंकाच्या आंत दोनचार पत्र्यांचे अडथळे उभे केलेले असत आणि त्यांना चुकवील अशा खांचा किल्लीला पाडलेल्या असत, एवढेंच. किल्लीच्या टोंकाचा भाग ठेवून बाकीचें पातें कानशीनें उडवून टाकलें कीं तीच किल्ली अशा शेंकडों कुलपांना चाले. गरिबाचें कुलूप हें बहुतेक वेळां कुलपाचें सोंगच असे. परवडेल अशा किंमतीचें आणि तरीही सोंग नसलेलें कुलूप कोणीं करावयाचें? अडत्याला त्याची गरज नव्हती, आणि एकट्या कारागिराला तें परवडत नव्हतें.

१८४४ च्या डिसेंबरांत रॉचडेल येथील अठ्ठावीस माणसांनीं, त्यांत विणकर बरेच, प्रत्येकीं एक पौंड याप्रमाणें अठ्ठावीस पौंड भांडवल जमवून आपलें छोटेंसें दुकान उघडलें, ही कथा आपल्याकडे सहकाराच्या प्रत्येक व्याख्यानांत येते, म्हणून ती पुन्हां सांगत नाहीं. येथें एवढेंच ध्यानांत घ्यावयाचें कीं, तें दुकान घेणारांचें होतें, करणारांचें नव्हतें. पीठ, साखर, लोणी यांचें गिऱ्हाईक हेंच मालक असल्यामुळें माल खपेल कीं नाहीं ही धास्ती त्यांना नव्हती. कारागिरांनीं एकत्र येऊन कारखाना काढणें ही गोष्ट याहून पुष्कळ अवघड. शिवाय कायद्याचीही अडचण होती. १८५२ पूर्वीं अशा मंडळीला कायद्यांत धड स्थानच नव्हतें; एखाद्या भागीदारानें पेटींतले पैसे घेऊन पळ काढला तर त्याच्यावर फिर्याद करणेंही दुरापास्त होतें. मॉरिस, लडलो, किंग्जले, नील या ख्रिस्ती समाजवादी म्हणविणाऱ्या मंडळीनें १८५० पासून कारागिरांचे संघ काढून पाहिले, ते बहुतेक बुडाले. त्यांतील एडवर्ड व्हॅन्सिटार्ट नील यानें तर आपल्या संपत्तीचा मोठा भाग त्यांत घालविला. पण याच खटपटींतून १८५२ चा कायदा निघाला आणि सहकारी मंडळ्यांना कायदेशीर अस्तित्व मिळालें. १८६२ च्या कायद्यानें सभासदांची जबाबदारी त्यांच्या भागांपुरती मर्यादित झाली. कारागीर आतां घरदार पणाला न लावतां मालक होऊं शकत होता.

या पार्श्वभूमीवर, १८६० नंतरच्या दशकांत वुल्वरहॅम्प्टनच्या कांहीं कुलूपकारांनीं आपला सहकारी कारखाना काढला. हे लोक ‘प्लेट-लॉक’ करणारे, म्हणजे लोखंडी पत्र्यावर सर्व कळ बसवून ती लांकडी ठोकळ्यांत जडविलेलीं दाराचीं कुलपें करणारे होते. हीं कुलपें दिसावयास ओबडधोबड, पण घरोघर लागणारीं. कारखान्याचे मालक तेच, मजूरही तेच. अडत्याच्या वखारीशीं उभें राहावयाचें नाहीं, आपल्या मालाचा भाव आपण ठरवावयाचा, आणि उरलेला नफा काम करणारांत वांटावयाचा, एवढाच त्यांचा बेत. त्यांत क्रांतीची भाषा नव्हती. पण त्या मुलुखांत पिढ्यान् पिढ्या जें कोणीं केलें नव्हतें तें यांनीं केलें होतें: कारागीर अडत्याला ‘या भावाला देत नाहीं’ असें म्हणूं शकत होता.

धंद्यांतील इतर मालकांना हें मानवलें नाहीं. कामगारांना नमविण्याचा नेहमींचा उपाय म्हणजे टाळेबंदी. पण जे स्वतःच मालक झाले त्यांच्या दाराला टाळें कसें ठोकणार? म्हणून मालकांनीं निराळी युक्ति काढली. त्यांनीं कुलपांचा भाव उतरविला, आणि तो खर्चाच्याही खालीं नेला.

ही युक्ति किती अचूक होती तें एका कल्पित हिशेबानें समजेल. समजा, एका कुलपाला लोखंड, लांकूड आणि मजुरी मिळून दहा आणे खर्च येतो आणि तें बारा आण्यांस विकलें जातें. मोठ्या मालकानें तें आठ आण्यांस विकावयास काढलें. त्याला कुलपामागें दोन आणे तोटा. पण त्याचीं बिजागरी, कड्या, कोयंडे, इतर पन्नास जातींचा माल आहे. तेथील नफ्यांतून हा तोटा तो वर्षभर सोसूं शकतो. सहकारी कारखान्याला एकच माल. त्यानें दहा आणे सांगितले तर गिऱ्हाईक जातें. आठ आणे सांगितले तर सभासदांच्या भागांची रक्कम दर कुलपामागें दोन दोन आण्यांनीं झिजत जाते. काम चोख असो, माणसें निर्व्यसनी असोत, हिशेब पारदर्शक असोत, त्यानें या झिजेंत फरक पडत नाहीं. आणि घेणारा? तो आठ आण्यांचें कुलूप पाहून खूष असतो. ही स्वस्ताई कारखाना बुडेपर्यंतचीच आहे हें त्याला कोण सांगणार?

या झगड्याची बातमी जॉन स्टुअर्ट मिल्ल याच्या कानीं गेली. अर्थशास्त्रावरील त्याचा मोठा ग्रंथ १८४८ सालीं प्रसिद्ध झाला होता, आणि मजुरांनीं स्वतःच्या मालकीचे संघ करून धंदे चालवावे, भविष्यकाळ त्यांचा आहे, असें मत त्यानें नंतरच्या आवृत्तींतून उत्तरोत्तर जोरानें मांडलें होतें. स्पर्धेचा तो कट्टर पुरस्कर्ता. सहकारी मंडळींपैकीं बरेच जण स्पर्धेला पाप मानीत. मिल्लला तें मुळींच मान्य नव्हतें. अशा मनुष्यानें वुल्वरहॅम्प्टनच्या कुलूपकारांना दहा पौंडांची मदत पाठविली आणि सोबत एक पत्र लिहिलें. जॉर्ज जेकब होलिओक यानें तें आपल्या सहकाराच्या इतिहासांत जपून ठेवल्यामुळें आपणांस उपलब्ध आहे.

पत्राचा आशय थोडक्यांत असा. सरळ स्पर्धेपासून तुमचें रक्षण करावें अशी माझी इच्छा नाहीं. ज्यांचें मन या कार्यांत आहे, ज्यांच्या अंगीं आरंभींच्या काळास लागणारी उमेद आणि स्वार्थत्याग आहे, त्यांना खासगी कारखान्यांपुढें टिकाव धरतां आला पाहिजे. आणि ज्यांच्या अंगीं हे गुण नाहींत त्यांनीं या भानगडींत पडूं नये हें बरें. पण प्रतिस्पर्ध्याला बुडविण्यासाठीं मुद्दाम तोट्यांत धंदा चालविणें ही सरळ स्पर्धा नव्हे. असा झगडा लांबला तर ज्याच्याजवळ पैसा थोडा तो, बाकी सर्व गुण असूनही, स्वतःचा कांहीं दोष नसतां चिरडला जाणारच. याला भांडवलाचा जुलूम म्हणणें योग्य आहे. शेवटीं त्यानें त्यांच्या माहितीपत्रकाच्या डझनभर प्रती ओळखीच्या लोकांना वांटावयास मागविल्या आहेत.

मला या पत्रांतील पहिला, कडू भाग अधिक मोलाचा वाटतो. दुबळ्याची बाजू घेणारे लोक बहुधा त्याचें सर्वच कांहीं वाखाणतात. मिल्लनें तसें केलें नाहीं. तुमचें कुलूप वाईट असेल, तुमच्यांत एकी नसेल, तर तुम्ही बुडावें हेंच ठीक, असें त्यानें मदतीच्या पैशांबरोबरच बजावलें. आणि तेवढ्यामुळेंच त्याच्या तक्रारीच्या दुसऱ्या भागाला धार आली. ‘स्वस्त’ या शब्दाचे दोन अर्थ त्यानें वेगळे करून दाखविले. कौशल्यानें, काटकसरीनें, यंत्राच्या साह्यानें आलेली स्वस्ताई निराळी आणि शेजाऱ्याचा गळा दाबण्यासाठीं केलेली स्वस्ताई निराळी. बाजारांत दोन्हींच्या अंगावर एकच किंमत लिहिलेली असते. पुढें १८९० सालीं अमेरिकेंत मक्तेदारीविरुद्ध कायदा झाला आणि अशा भावयुद्धांचा विचार न्यायालयांतून होऊं लागला. भारतांतही २००२ च्या स्पर्धा कायद्यानें प्रबळ धंदेवाल्यानें प्रतिस्पर्ध्याला हटविण्यासाठीं खर्चाखालीं विक्री करणें निषिद्ध ठरविलें. वुल्वरहॅम्प्टनच्या कुलूपकारांपाशीं असा कोणताही कायदा नव्हता. त्यांच्यापाशीं वर्गणी होती.

वर्गणीवर कारखाना कांहीं काळ तगला. पण एकोणिसावें शतक संपेपर्यंत तो राहिला नाहीं. त्याचें सर्व खापर मालकांच्या भावयुद्धावरच फोडणेंही बरोबर होणार नाहीं. याच सुमारास धंद्याचें रूपच पालटत होतें. हॉब्जनें इंग्लंडांत राहून यंत्रांच्या साह्यानें कुलपांचे भाग पाडण्यास आरंभ केला होता. अमेरिकेंत लायनस येल धाकटा यानें लहान चपट्या किल्लीचें, आंत खुंट्यांची ओळ असलेलें कुलूप सिद्ध केलें होतें. चांगलें कुलूप सामान्य माणसाला परवडेल अशा किंमतींत मिळूं लागलें तें अखेर या मार्गानें, मोठ्या कारखान्यांतून. कानस आणि शेगडा यांवर उभ्या असलेल्या मंडळीला नवीं यंत्रें घ्यावयास पैसा हवा होता, आणि त्यांचा पैसा तर भावांच्या झगड्यांत झिजला होता.

तथापि गोष्ट येथें संपत नाहीं. शेजारच्या वॉल्सॉल गांवीं कड्यांचीं कुलपें करणाऱ्या कारागिरांनीं १८७३ सालीं आपली सहकारी मंडळी काढली, आणि ती मात्र जगली. कुलपांच्या जोडीला गाडीघोड्यांचें लोखंडी सामान करण्याचें धोरण तिनें धरलें. वॉल्सॉलला तो धंदा आधींपासूनच होता. एकाच मालावर सारा भार न टाकण्याचा हा शहाणपणा लहान वाटतो, पण वुल्वरहॅम्प्टनची मंडळी नेमकी त्याच ठिकाणीं उघडी पडली होती, हें आपण वर पाहिलें. शिवाय काळही अनुकूल झाला होता. सहकारी दुकानांची घाऊक खरेदी करणारी मध्यवर्ती संस्था मँचेस्टरला १८६३ सालीं स्थापन झाली होती आणि १८८२ सालीं उत्पादक सहकारी मंडळ्यांचाही एक संघ झाला. सहकारी कारखान्यांच्या मालाला सहकारी दुकानांत फळी मिळूं लागली. वॉल्सॉलची ही संस्था विसाव्या शतकांतही दीर्घकाळ चालू होती.

बीट्रिस पॉटर, म्हणजे पुढें बीट्रिस वेब या नांवानें विख्यात झालेली विदुषी, हिनें १८९१ सालीं ब्रिटिश सहकारी चळवळीवर जें पुस्तक लिहिलें त्यांत कारागिरांच्या सहकारी कारखान्यांविषयीं फार प्रतिकूल मत दिलें आहे. असे कारखाने एक तर भांडवल, बाजार आणि शिस्त यांच्या अभावीं बुडतात. किंवा यशस्वी झाले तर मूळचे सभासद नव्या मजुरांना भागीदार न करतां पगारी नोकर ठेवूं लागतात आणि स्वतःच छोटे मालक बनतात, असा तिचा निष्कर्ष. पुष्कळ ठिकाणीं तो खरा ठरला आहे. पण विलेनहॉलच्या अंगणांत ज्यानें डोकावून पाहिलें आहे त्याला हा निष्कर्ष थोडा उंचावरून काढल्यासारखा वाटेल. तेथला प्रत्येक जण आधींच छोटा मालक होता. कोणाचाही नोकर नव्हता. आणि तरीही शनिवारच्या संध्याकाळीं त्याच्याइतका पराधीन मनुष्य त्या मुलुखांत दुसरा नव्हता. त्याला मालकी हवी होती असें नव्हे. त्याला चार आठवडे माल घरांत ठेवण्याइतकी ताकद हवी होती, आणि ती एकट्यानें येणारी नव्हती.

आपल्या देशांत कुलपाचा धंदा दोन वाटांनीं वाढला. एक वाट मुंबईची. आर्देशिर गोदरेज यांनीं वकिली सोडून, शस्त्रक्रियेचीं हत्यारें करण्याचा एक धंदा फसल्यावर, १८९७ सालीं लालबागेंत कुलपांचा कारखाना घातला. विलायती कुलपांच्या तोडीचें कुलूप येथें होऊं शकतें हें दाखविण्याची त्यांत ईर्षा होती, आणि ती सफल झाली. पांच वर्षांत, १९०२ सालीं, तेथून तिजोऱ्या बाहेर पडूं लागल्या. हा एका कर्तबगार उद्योजकाचा मार्ग, सहकाराचा नव्हे. दुसरी वाट अलीगढ आणि दिंडीगुल या गांवांची, म्हणजे विलेनहॉलसारखीच, घरोघर चालणाऱ्या शेगड्यांची. तेथें कारागिरांनीं मंडळी काढावयाची म्हटलें तरी सुरुवातीस कायद्याची वाट बंद होती. कारण १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. उत्पादन व विक्री करणाऱ्या संस्थांना दार उघडलें तें १९१२ च्या कायद्यानें, आणि मुंबई इलाख्यानें १९२५ सालीं आपला स्वतंत्र कायदा केला. इंग्लंडांत १८५२ सालीं मिळालेली सोय येथील कारागिराला साठ वर्षांनीं मिळाली.

तामिळनाडूंतील दिंडीगुल येथें कुलूप, लोखंडी सामान आणि पोलादी फर्निचर करणाऱ्या कामगारांची औद्योगिक सहकारी संस्था आहे. तेथील जुनीं कुलपें पाहण्यासारखीं असतात. आंब्याच्या आकाराचें एक, किल्लीच्या प्रत्येक फेऱ्याला घंटा वाजणारें एक. देवळें आणि गोदामें यांच्या दारांवर तीं पिढ्यान् पिढ्या लोंबत आलीं. कळ तरफांची, आणि कारागीर प्रत्येक कुलपाच्या तरफा व किल्ली एकमेकांना लावून हातानें कानशीनें जुळवितो, त्यामुळें एका कुलपाची किल्ली दुसऱ्याला चालण्याची भीति थोडी. अलीगढच्या यंत्रावर निघणाऱ्या स्वस्त कुलपांपुढें हा धंदा वर्षानुवर्षें मागें हटत गेला आहे. तेथें कोणीं कट केलेला नाहीं. मिल्ल ज्याला सरळ स्पर्धा म्हणाला असता तीच ही स्पर्धा, आणि म्हणूनच तिच्याविरुद्ध वर्गणी मागण्याची सोय नाहीं. त्या सहकारी संस्थेनें दुसरा मार्ग धरला. भौगोलिक निर्देशाच्या कायद्याखालीं तिनें अर्ज केला आणि ऑगस्ट २०१९ मध्यें दिंडीगुलच्या कुलपाला त्या गांवाचें नांव कायद्यानें जोडून मिळालें. आतां दुसऱ्या कोणाला आपल्या मालावर तें नांव घालतां येत नाहीं. आणि तें नांव ज्या हातांचें आहे त्या हातांनीं कानस अजून चालविली जाते.